डब्यातले अ जीवनसत्त्व: कारखान्यापासून कढईपर्यंत

शेंगदाणा, सरकी, सोयाबीन, सूर्यफूल किंवा तांदळाचा कोंडा यांपैकी कोणत्याही तेलात अ जीवनसत्त्व मुळात नसते. वनस्पती हे जीवनसत्त्व तयारच करीत नाहीत. त्या तयार करतात ती कॅरोटीन वर्गातील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये, ज्यांचे प्राण्यांच्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, आणि तेल शुद्ध करताना तीही जवळजवळ सारी निघून जातात. त्यामुळे किराणा दुकानातील तेलाच्या पिशवीवर अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे 'एफ' हे अक्षर छापलेले दिसते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की या तेलात अ आणि ड ही दोन जीवनसत्त्वे कारखान्यात मोजून मिसळलेली आहेत. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार असे चिन्ह लावणाऱ्या तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असावे लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकी अल्प मात्रा कारखान्यातील टाकीत मिसळणे हे अवघड असले तरी साध्य आहे. ती ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत टिकवणे हे त्याहून पुष्कळ अवघड आहे.

या दुसऱ्या कामातील अडचणी समजून घेण्यासाठी सुरत शहराच्या दक्षिणेचे उधना हे उपनगर सोयीचे आहे. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरील हे जंक्शन असून येथूनच तापीच्या खोऱ्यातून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा जळगावकडे जाणारा फाटा सुटतो. याच फाट्याने खानदेशातील हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या आणि कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत कामासाठी आली, आणि उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात मराठी बोलणाऱ्यांची दाट वस्ती उभी राहिली. पश्चिमेला तापीच्या मुखाशी हजिरा बंदर आहे, जेथे परदेशातून आलेले कच्चे खाद्यतेल उतरते आणि शुद्धही होते. पूर्वेला हजिऱ्यापासूनच निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सोनगड, नवापूर, धुळे, जळगाव असा विदर्भात जातो. म्हणजे तेल जेथे तयार होते, जेथून ते दूरवर जाते आणि जेथे रोजंदारीवरचा कामगार ते पावशेर-अर्धा लिटर विकत घेतो, ही तिन्ही ठिकाणे येथे एकमेकांना लागून आहेत. हवा दमट, उन्हाळा लांब आणि दुकाने रस्त्याकडे तोंड करून उघडी, हा त्या अडचणींतला उरलेला भाग.

स्निग्ध पदार्थातून अ जीवनसत्त्व पुरवण्याची कल्पना जुनी आहे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, आणि आतड्यात शोषले जाण्यासाठीही त्याला स्निग्धाची सोबत लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधील लोणी परदेशी विकले जाऊ लागले आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व मार्गारीन उरले, तेव्हा डोळ्यांचे बुबुळ कोरडे पडून अंधत्व येणाऱ्या मुलांची संख्या वाढल्याचे कार्ल ब्लोख या बालरोगतज्ज्ञाने नोंदवले. तेव्हापासून मार्गारीनमध्ये जीवनसत्त्व घालण्याचा विचार युरोपात रुजला. भारतात त्याचे स्थान वनस्पती तुपाने घेतले. मुंबईत शिवडी येथील कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप तयार होऊ लागले आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. १९५३ पासून वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व मिसळणे कायद्याने बंधनकारक झाले. त्या वेळी कोणी मुद्दाम योजले नसेल, पण जीवनसत्त्वाच्या दृष्टीने डालडाचा पिवळा डबा ही उत्तम सोय होती. पत्रा अपारदर्शक असल्याने उजेड आत जात नसे. आतील तूप घट्ट असल्याने हवा वरच्या थरापलीकडे फारशी झिरपत नसे. आणि हायड्रोजनाची प्रक्रिया झालेल्या स्निग्धात हवेशी झटपट संयोग पावणारे घटक कमी उरलेले असत. पुढे वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदाम्लांची ओळख पटली, लोक शुद्ध केलेल्या द्रव तेलाकडे वळले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्याबरोबर जीवनसत्त्वाचा तो आडोसाही गेला. पारदर्शक बाटलीतले पातळ, असंतृप्त तेल हे त्याच्यासाठी अगदी निराळे घर आहे.

हे घर का धोक्याचे, हे रेणूच्या रचनेवरून कळते. अ जीवनसत्त्वाचे मूळ रूप रेटिनॉल. त्याची रचना पॉल कारर यांनी १९३१ मध्ये उलगडली आणि १९४७ मध्ये बाझेल येथील रोश कंपनीत ओटो इसलर यांनी ते औद्योगिक प्रमाणावर बनवता येईल अशा रीतीने संश्लेषित केले. या रेणूला कार्बन अणूंची एक लांब शेपटी असते आणि तिच्यात व लगतच्या कड्यात मिळून पाच दुहेरी बंध एकाआड एक येतात. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची एक जोडी असेल तर तो एकेरी बंध, दोन जोड्या असतील तर दुहेरी. आणि असे दुहेरी बंध एकाआड एक आले की त्यांतील इलेक्ट्रॉन साऱ्या साखळीभर सैलपणे पसरतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपण्याचे काम हे जीवनसत्त्व करू शकते ते याच सैल इलेक्ट्रॉनांमुळे, आणि बाटलीत ते नासते तेही त्यांच्यामुळेच. जो रेणू प्रकाशाला प्रतिसाद देण्यासाठीच घडला आहे, तो दुकानाच्या फळीवर प्रकाशाकडे दुर्लक्ष करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

शुद्ध रेटिनॉल फारच नाजूक असल्याने तेलासाठी ते मेदाम्लाशी किंवा ॲसिटिक आम्लाशी जोडून वापरतात. भारतीय नियमांनी रेटिनाइल पामिटेट आणि रेटिनाइल ॲसिटेट ही दोन रूपे मान्य केली आहेत. तेलात सहज मिसळणारे म्हणून पामिटेट अधिक चालते. त्याचा नाश तीन वाटांनी होतो. पहिली वाट ऑक्सिजनाची: हवेतील ऑक्सिजनामुळे साखळीच्या दुहेरी बंधावर एक ऑक्सिजन अणू येऊन बसतो, त्यातून इपॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात आणि पुढे साखळीच तुटते. दुसरी वाट प्रकाशाची: सुमारे ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण हा रेणू सर्वांत जास्त शोषतो आणि त्या ऊर्जेने त्याची सरळ शेपटी एखाद्या बंधापाशी वाकते, अशा वाकलेल्या रूपांची शरीरातील उपयुक्तता मूळ रूपापेक्षा कमी असते. तिसरी वाट आम्लाची, जिच्यात रेणूतून पाण्याचा अंश निघून जातो; पण नीट शुद्ध केलेल्या तेलात मुक्त आम्ल इतके थोडे असते की ही वाट सहसा बाजूला ठेवता येते. उष्णता ही स्वतंत्र वाट नसून ती पहिल्या दोन वाटांवरचा वेग वाढवते. तापमान दहा अंशांनी चढले की अशा प्रक्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतात, हा रसायनशास्त्रातील नेहमीचा अंदाज येथेही उपयोगी पडतो.

मात्र तेलातील जीवनसत्त्वाचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या नाजूकपणापेक्षा त्याला कोणत्या तेलाची संगत मिळते यावर अधिक ठरते, आणि समृद्धीकरणाच्या, म्हणजे तेलात अशी जीवनसत्त्वे मिसळण्याच्या, चर्चेत हाच मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो. तेल खवट होणे म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होणे. एखाद्या असंतृप्त मेदाम्लातून हायड्रोजनाचा अणू निसटला की तेथे एक अर्धवट, जोडीदार शोधणारा कण उरतो. त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो ऑक्सिजनाशी संयोग पावतो, शेजारच्या रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो, स्वतः पेरॉक्साइड होऊन शांत होतो आणि शेजाऱ्याला मूलक बनवून जातो. ही साखळी सुरू असलेल्या तेलात अ जीवनसत्त्व घातले की ते त्या मूलकांचे सर्वांत सोपे भक्ष्य ठरते. होळी पेटवताना लाकडाआधी वाळका पाला जळून जातो, तसे तेलाच्या आधी हे जीवनसत्त्व संपते. तेलाचा वास बिघडल्याचे नाकाला जाणवते तोवर त्यातील बरेचसे जीवनसत्त्व गेलेले असते, म्हणून 'वास चांगला आहे, म्हणजे तेल चांगले आहे' हा गृहिणीचा वर्षानुवर्षांचा पारखी निकष चवीपुरता खरा असला तरी जीवनसत्त्वापुरता पुरेसा नाही.

तेलाच्या या अवस्थेचे माप म्हणजे पेरॉक्साइड मूल्य. एक किलो तेलात किती पेरॉक्साइड साठले आहे हे ते मिलितुल्यांकांत सांगते. शुद्ध केलेल्या तेलासाठी त्याची कमाल मर्यादा १० आहे. कायद्याला १० चालते, पण जीवनसत्त्वाला चालत नाही. समृद्धीकरणासाठी निवडलेल्या तेलाचे मूल्य शक्य तितके शून्याजवळ असावे, कारण सात-आठ मूल्याचे तेल कायदेशीर असूनही त्यात जीवनसत्त्वाचा नाश पहिल्याच दिवसापासून वेगाने सुरू होतो. येथे आणखी एक फसगत होते. गंधनिर्मूलन, म्हणजे निर्वात टाकीत २३० ते २६० अंश सेल्सियस तापमानाला तेलातून वाफ सोडून वास देणारी द्रव्ये काढून टाकण्याची क्रिया, पेरॉक्साइडेही मोडते. त्यामुळे कच्च्या अवस्थेत महिनोन्महिने टाकीत पडून नासलेले तेलही शुद्धीकरणानंतर शून्याच्या जवळपासचे मूल्य दाखवू शकते. पेरॉक्साइडे मोडून जी अल्डिहाइडे उरतात ती ॲनिसिडीन मूल्य या दुसऱ्या चाचणीत दिसतात. पहिली चाचणी तेलाचा वर्तमान सांगते, दुसरी त्याचा पूर्वेतिहास. आणि आयात तेलाने बंदरापर्यंतचा लांब प्रवास आधीच केलेला असल्याने दुसरी चाचणी टाळणे हा काटकसरीचा नव्हे, निष्काळजीपणाचा भाग आहे.

सर्व तेले सारखी नसतात हेही लक्षात घ्यावे लागते. पाम तेलातील जवळजवळ अर्धी मेदाम्ले संतृप्त असल्याने ते सावकाश बिघडते. सोयाबीन तेलात सहा-सात टक्के लिनोलेनिक आम्ल असते, ज्यात तीन दुहेरी बंध असल्याने ते चटकन ऑक्सिजन घेते. सरकीच्या तेलात दोन दुहेरी बंधांचे लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. याच्या उलट बाजूला प्रत्येक तेलाची स्वतःची संरक्षक द्रव्येही असतात. टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्वाच्या वर्गातील द्रव्ये, मूलकाला आपला हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतात. तिळाच्या तेलातील सेसमॉलही असेच काम करते. दुर्दैवाने गंधनिर्मूलनात टोकोफेरॉलाचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो, इतका की वाफ थंड करून मिळणारा तो उपपदार्थ ई जीवनसत्त्व बनवणाऱ्यांना वेगळा विकला जातो. तेल स्वच्छ होते आणि त्याचा पहारेकरी मात्र दुसऱ्याच कारखान्यात नोकरीला लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी टीबीएचक्यू नावाचे कृत्रिम प्रतिऑक्सिडीकारक घालतात, ज्याची मर्यादा दर किलोला २०० मिलिग्रॅम आहे. त्यासोबत थोडे सायट्रिक आम्ल घालतात, जे तेलात आलेले लोखंड व तांबे यांचे अंश बांधून ठेवते. हे धातू अत्यल्प असले तरी पेरॉक्साइडांपासून नवी मूलके घडवतात, आणि त्या बाबतीत तांब्याचा उपद्रव लोखंडाहून मोठा असतो.

प्रत्यक्ष मिसळण्याचे काम पाहिले म्हणजे या प्रश्नातील प्रमाण ध्यानात येते. बाजारातील रेटिनाइल पामिटेटच्या एका ग्रॅममध्ये १७ लाख आंतरराष्ट्रीय एकके असतात. एक एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. तेलात दर ग्रॅमला २५ एकके, म्हणजे ७.५ मायक्रोग्रॅम, घालायची असतील तर दहा टन तेलाच्या टाकीला २५ कोटी एकके लागतात, आणि तेवढ्यासाठी पामिटेट पुरते अवघे १४७ ग्रॅम. ड जीवनसत्त्व तर दोन ग्रॅमही लागत नाही. चहाच्या पेल्यात मावेल एवढा हा पिवळा, मधासारखा दाट द्रव दहा टनांत एकसारखा पसरवायचा असतो. तो थेट टाकीत ओतला तर तळाशी एका जागी राहतो आणि मग एका पिशवीत दुप्पट व दुसरीत निम्मे अशी विषमता येते. म्हणून आधी तो काही किलो तेलात विरघळवून घेतात, मग ते मिश्रण मोठ्या टाकीत फिरत्या पात्यांखाली सोडतात किंवा वाहत्या तेलाच्या नळीत मात्रा देणाऱ्या पंपाने थेंबाथेंबाने मिसळतात.

या टप्प्यावर कामगाराच्या हातून घडणाऱ्या लहान गोष्टींना मोठे महत्त्व आहे. पामिटेट साधारण २८ अंशांच्या खाली गोठू लागते, त्यामुळे थंड साठवणीतून काढलेला डबा बघताना वरचा भाग पातळ आणि खालचा रवाळ दिसतो. तो तसाच अर्धा वापरला तर मोजमाप चुकते. घाईने शेगडीजवळ ठेवला तर जीवनसत्त्व नासते. कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण एकजीव होईपर्यंत हलक्या हाताने ढवळून मग तो वापरणे ही एकच रीत बरोबर आहे. ॲल्युमिनियमचा बंद डबा आतून नायट्रोजन भरून येतो. एकदा उघडला की नायट्रोजन निघून हवा आत शिरते, म्हणून उरलेला भाग नायट्रोजन भरून पुन्हा बंद करावा लागतो किंवा त्याच पाळीत संपवावा लागतो. जीवनसत्त्व घालायचे ते गंधनिर्मूलनानंतर, तेल पन्नास अंशांच्या खाली उतरल्यावर. आणि नंतर त्या तेलाचा संबंध स्टेनलेस स्टीलखेरीज दुसऱ्या धातूशी येऊ द्यायचा नाही. एखाद्या नळीच्या जोडावर पितळी झडप राहून गेली तरी पितळेतील तांबे आपले काम करते. हवेतील ऑक्सिजन पाण्यापेक्षा तेलात कित्येक पट अधिक विरघळतो, त्यामुळे तेल टाकीत उंचावरून धो धो पडू देणे म्हणजे त्यात हवा कालवणेच होय; भरणारी नळी टाकीच्या तळापर्यंत नेणे आणि वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत.

वाटेत होणारी घट गृहीत धरून सुरुवातीलाच थोडे जास्त जीवनसत्त्व घालण्याची पद्धत आहे आणि ती आवश्यकही आहे, पण तिला कायद्याने कुंपण घातले आहे. वरची मर्यादा ९.९ आणि खालची ६ असल्याने कारखान्याने अगदी काठोकाठ भरले तरी ग्राहकापर्यंत जेमतेम ३९ टक्के घटच पचू शकते; त्याहून अधिक घट झाली तर कोणत्याही जादा मात्रेने चिन्ह खरे ठरत नाही. वरची मर्यादा हटवणे हा उपाय नव्हे, कारण अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि त्याचा अतिरेक, विशेषतः गर्भवतींना, अपायकारक असतो. शिवाय पुरवठ्याचाही प्रश्न आहे. हे जीवनसत्त्व सिट्राल या द्रव्यापासून बनते आणि जगात ते मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने मोजके आहेत. ऑक्टोबर २०१७ अखेर जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ कंपनीच्या सिट्राल कारखान्याला आग लागली तेव्हा जगभर अ जीवनसत्त्वाचे भाव भडकले. इतके महाग आणि परावलंबी द्रव्य केवळ खराब तेलाची भरपाई म्हणून ओतत राहणे हा हिशेब आतबट्ट्याचा आहे.

तेल बाटलीत किंवा पिशवीत भरले की कारखान्याचा ताबा संपतो आणि उजेडाचा सुरू होतो. पारदर्शक पेट बाटली आणि साधी काच सुमारे ३२० नॅनोमीटरखालचे किरण अडवतात; त्यावरचे अतिनील किरण, जे हे जीवनसत्त्व अजूनही शोषते, ते मात्र आरपार जाऊ देतात. तेलात थोडे हरितद्रव्य उरलेले असेल तर ते साधा दृश्य प्रकाश शोषून ऑक्सिजनाला अधिक आक्रमक रूप देते, म्हणजे नुसत्या ट्यूबलाइटखालीही नासाडी चालूच राहते. अंधारात बंद पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या चांगल्या तेलातील अ जीवनसत्त्व कित्येक महिने जवळजवळ जसेच्या तसे राहते, आणि तेच तेल पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवले तर काही आठवड्यांत त्याचा मोठा भाग जातो, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. तेलाचा सोनेरी रंग दिसावा म्हणून बाटली पारदर्शक ठेवायची आणि त्याच बाटलीवर जीवनसत्त्वाचे चिन्ह छापायचे, हा विक्रीशास्त्राने पोषणशास्त्रावर मिळवलेला विजय आहे. गुजरातमध्ये तेलाचा भाव आजही पंधरा किलोच्या डब्यावर बोलला जातो. पत्र्याचा तो जुना डबा या कामी नव्या बाटलीपेक्षा सरस आहे. गर्द छपाईची किंवा आतून काळ्या-पांढऱ्या थराची पिशवीही चालते, मात्र तिच्या पातळ थरांतून हवा हळूहळू झिरपत असल्याने तिचे आयुष्य डब्याइतके लांब नसते.

वाहतुकीत उजेड नसतो, उष्णता असते. हजिऱ्याहून निघालेला माल नवापूरच्या घाटापलीकडे खानदेशात उतरतो तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत धुळे, जळगाव, भुसावळ येथील पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना टेकलेला असतो, आणि ताडपत्रीखालच्या किंवा बंद पेटीच्या मालमोटारीत, विशेषतः ती दुपारभर उभी राहिली तर, तापमान पन्नासच्या पुढे जाते. पंचवीस अंशांच्या गोदामाशी तुलना केली तर दहा अंशांना दुप्पट या अंदाजाने तेथील एक दिवस पाच-सहा दिवसांइतका पडतो. दोन दिवसांच्या प्रवासाने सारे काही बिघडत नाही. खरे नुकसान होते ते पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात महिना दोन महिने माल तुंबल्यावर. टँकरमधून जाणाऱ्या तेलाची गोष्ट निराळी आहे. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये तेल रस्ताभर हिंदकळत राहते आणि वरच्या हवेशी घुसळले जाते, म्हणून टँकर गळ्यापर्यंत भरणे आणि आधीच्या खेपेतील तेलाचा राप पूर्ण धुऊन काढणे महत्त्वाचे. भिंतीला चिकटलेला जुना खवट थर नव्या तेलात विरजणासारखा लागतो. शक्य असेल तेथे टँकरने साधे तेल न्यावे आणि जीवनसत्त्व अंतिम भरणाकेंद्रावरच घालावे, हे धोरण जास्त शहाणपणाचे आहे.

उधन्यासारख्या कामगारवस्तीत या साखळीचा सर्वांत कच्चा दुवा सुट्या तेलाचा आहे. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला एक लिटरची पिशवी नेहमी परवडत नाही, आणि उघड्या पिंपातून वा डब्यातून मापाने काढून दिलेले तेल त्याला सोयीचे वाटते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन जलोदराची साथ आली, त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. तरीही सुटी विक्री पूर्ण थांबलेली नाही. जीवनसत्त्वाच्या दृष्टीने पाहता सुट्या तेलाचे पिंप म्हणजे सर्व प्रतिकूल गोष्टींचे संमेलन: वरून उघडी हवा, खाली लोखंडाचा पत्रा, पुढे पितळी तोटी, आणि जुने तेल संपण्याआधीच त्यावर ओतले जाणारे नवे तेल. हातावर पोट असलेल्या ज्या कुटुंबाला या जीवनसत्त्वाची खरी गरज आहे, तेच त्यापासून बहुधा वंचित राहते. यावर उपदेशाने काही होणार नाही. पावशेरची गर्द वेष्टनातील पिशवी सुट्या तेलाच्या भावात मिळाली तरच काही होईल.

स्वयंपाकघरातील घट त्या मानाने सौम्य आहे. फोडणीला, भाजीला, पोळीच्या कणकेला घातलेल्या तेलातील बहुतेक जीवनसत्त्व शिजवल्यानंतरही उरते, कारण उष्णतेचा काळ थोडा असतो. तळणाची कढई मात्र वेगळी. एकाच तेलात वारंवार तळल्यास प्रत्येक वेळी घट होत जाते आणि फरसाणवाल्याच्या कढईत दिवसभर उकळलेल्या तेलाकडून जीवनसत्त्वाची आशा करण्यात अर्थ नाही. अपेक्षाही माफक ठेवावी. दिवसाला २५ ग्रॅम तेल खाणाऱ्या स्त्रीला सहा मायक्रोग्रॅमच्या तेलातून १५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळते, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सुचवलेली दैनंदिन मात्रा ८४० मायक्रोग्रॅम आहे. तेल हे हिरव्या पालेभाज्या, गाजर, पपई, दूध आणि अंडी यांची जागा घेऊ शकत नाही, त्यांना हातभार लावू शकते.

उरतो तो तपासणीचा प्रश्न. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना गडद रंगाच्या बाटलीत, मंद पिवळ्या उजेडात हाताळतात, अल्कलीने त्यातील मेद वेगळे करतात आणि उच्च दाबाच्या द्रवस्तंभातून जीवनसत्त्व निराळे काढून ३२५ नॅनोमीटरला ते किती प्रकाश शोषते यावरून त्याचे प्रमाण काढतात. ही पद्धत विश्वासार्ह आहे; पण नमुना कारखान्याच्या टाकीतून, भरण्याच्या दिवशीच घेतला तर तिचे उत्तर बहुधा ठरलेले असते. साडेसात मायक्रोग्रॅम घातले, साडेसात निघाले, एवढेच त्यातून कळते. नियमाचे चिन्ह ग्राहकासाठी आहे, तेव्हा नमुनाही ग्राहक जेथून तेल घेतो त्या फळीवरून, मे महिन्यात, आणि वेष्टनावरील मुदतीचा अर्धा काळ उलटून गेल्यावर घेतला पाहिजे, आणि त्यात सहा मायक्रोग्रॅम भरले नाहीत तर उत्पादकाने जादा मात्रा वाढवण्याऐवजी तेलाचा ताजेपणा आणि वेष्टन बदलले पाहिजे. तोवर ग्राहकाने आपल्या परीने तीन गोष्टी कराव्यात: उन्हात मांडलेली पुढची बाटली न घेता आतल्या खोक्यातील मागावी, भरल्याची तारीख शक्य तितकी अलीकडची पाहावी, आणि घरी आणलेले तेल गॅसच्या ओट्यावरून उचलून बंद कपाटात ठेवावे.